नशा, अमली पदार्थ आणि आत्मिक सावधपणा: पवित्र शास्त्राच्या आधारे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीतील तरुण, त्यांचे आईवडील, व्यसनातून बाहेर पडलेले बांधव आणि काही पाळक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः मराठी प्रॉटेस्टंट वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कॅथलिक परंपरेचा नियम वेगळा आहे तेथे तसे नमूद केले आहे.

१. दारू पिणे हेच पाप आहे, असे पवित्र शास्त्र म्हणते का?

नाही. धुंद होणे मात्र पाप आहे, असे ते निःसंदिग्धपणे म्हणते. मनुष्याचे मन आनंदित करणारा द्राक्षारस हे देवाचे दान आहे असे स्तोत्र १०४:१५ सांगते, आणि अनुवाद १४:२६ मध्ये सणाच्या भोजनासाठी द्राक्षारस व मद्य विकत घेण्याची इस्राएलाला उघड मोकळीक आहे. त्याच शास्त्रात द्राक्षारसाला चेष्टा करणारा म्हटले आहे (नीतिसूत्रे २०:१), पहाटे उठून मद्याच्या मागे लागणाऱ्यांना यशया धिक्कारतो (५:११), आणि पौल मद्यधुंदी देहाच्या कर्मांत मोजतो (गलती ५:२१). द्राक्षमळा लावल्याचा शास्त्रातील पहिला उल्लेख नोहाचा आहे आणि लगेच पुढच्याच वचनात तो डेऱ्यात धुंद व उघडा पडलेला दिसतो (उत्पत्ती ९:२०-२१).

संपूर्ण वर्ज्य हा नियम काही लोकांपुरता व काही प्रसंगांपुरता होता. नाजीराचे, म्हणजे स्वतःला देवासाठी वेगळे करण्याचे, व्रत घेतलेल्याने द्राक्षे, मनुका, बिया आणि सालपटेसुद्धा खायची नव्हती (गणना ६:१-४). निवासमंडपात सेवेला जाताना याजकांनी मद्य प्यायचे नव्हते (लेवीय १०:९). रेखाबी घराणे पूर्वजाची आज्ञा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षारसापासून दूर राहिले आणि देवाने यिर्मयाच्या तोंडून त्यांची वाखाणणी केली (यिर्मया ३५). आपल्या समाजात दारूने जी घरे बसली आहेत ती पाहता पूर्ण वर्ज्य करणे शहाणपणाचे आहे असे माझे मत आहे. तथापि ते मत आहे, आज्ञा नव्हे; आणि मंडळीत त्याला आज्ञेचे रूप देणाऱ्याने शास्त्रापेक्षा कडक होण्याचा मोह टाळावा.

२. बायबलमधील द्राक्षारस म्हणजे न आंबवलेला रस होता, असे आमच्या पाळकांनी सांगितले. हे खरे आहे का?

सदहेतूने दिलेले हे उत्तर शास्त्रापुढे टिकत नाही. पॅलेस्टाईनमध्ये द्राक्षांची तोडणी उन्हाळ्याच्या अखेरीस होई आणि वल्हांडण, म्हणजे ज्या सणाच्या जेवणात येशूने प्रभुभोजन नेमून दिले तो सण, वसंतात येई. मधल्या काळात त्या उष्ण हवेत रस न आंबता ठेवण्याची सोय सामान्य घरात नव्हती. बाटलीबंद, न आंबणारा द्राक्षरस मंडळ्यांत आला तो १८६९ नंतर, जेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील थॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थाने प्रभुभोजनासाठीच रस उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत वापरली. शिवाय करिंथ येथे प्रभुभोजनाच्या वेळी काही जण उपाशी राहत आणि काही धुंद होत, असे पौल रागाने लिहितो (१ करिंथ ११:२१). साध्या रसाने कोणी धुंद होत नाही.

पण म्हणून "येशूनेच काना येथे दारू केली" असे लग्नाच्या मांडवात सांगणाऱ्यांची बाजूही बळकट होत नाही. काना गावच्या लग्नात येशूने ज्यांतील पाण्याचा द्राक्षारस केला ते सहा दगडी रांजण (योहान २:१-११) मिळून पाचशे लिटरांहून अधिक मावत असले, तरी तो गावाने अनेक दिवस साजरा करायचा सोहळा होता, आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या जगात द्राक्षारस पाणी मिसळून पिण्याची रीत रूढ होती. भट्टीवर ऊर्ध्वपातन करून काढलेली तीव्र दारू त्या काळी नव्हतीच. आज आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्की-रममध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण ४२.८ टक्के असते, तर नैसर्गिकरीत्या आंबलेला द्राक्षारस १५ टक्क्यांच्या आसपास थांबतो आणि पाणी घातल्यावर त्याहून बराच खाली येतो. शास्त्रातील मोकळीक त्या पेयाविषयीची आहे. ती क्वार्टरला जशीच्या तशी लावणे अप्रामाणिक आहे.

३. मग किती घेतल्यावर माणूस "धुंद" ठरतो?

शास्त्र माप देत नाही, खुणा देते. राजांनी मद्य पिऊ नये, कारण ते नियम विसरतील आणि दीनांचा न्याय विपरीत करतील (नीतिसूत्रे ३१:४-५). याजक व संदेष्टे मद्याने झोकांड्या खातात तेव्हा त्यांचे दृष्टान्त व निवाडे चुकतात (यशया २८:७). याजकाला पवित्र व अपवित्र यांतला भेद करता आला पाहिजे, म्हणून सेवेच्या वेळी मद्य नको (लेवीय १०:१०). तिन्ही ठिकाणी चिंता एकच आहे, ती विवेकाची. पाय लटपटण्याच्या कितीतरी आधी विवेक सैल पडतो. भारतीय मोटार वाहन कायद्याने वाहनचालकासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरवली आहे. शास्त्राची मर्यादा त्याच्याही अलीकडे आहे, कारण ज्या घटकेला माणूस एरवी न बोलला असता ते बोलतो, एरवी न केला असता तो व्यवहार करतो, त्या घटकेला ती ओलांडली गेलेली असते.

४. गांजा, चरस, एमडी, ब्राऊन शुगर यांची नावे बायबलमध्ये नाहीत. मग त्यांना बंदी कोठून आली?

नाव नसणे म्हणजे परवानगी नव्हे. इफिस ५:१८ मध्ये द्राक्षारसाने मस्त न होण्याचे जे कारण दिले आहे ते बेतालपणाचे आहे, आणि ते कारण पेयाला जितके लागू पडते तितकेच धुराला, गोळीला आणि सुईलाही लागू पडते. फरक एवढाच की द्राक्षारसाला अन्न, औषध व उत्सव असे रास्त उपयोग होते आणि धुंद न होता तो पिता येई. एमडी किंवा ब्राऊन शुगर मौजेसाठी घेणाऱ्याचा हेतू मात्र पहिल्या झुरक्यापासून धुंदीचाच असतो. "थोडीशी चालते" हा प्रश्न ३ मधील विचार तेथे उद्भवतच नाही. "तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे" हे वचन (१ करिंथ ६:१९) या संदर्भात नेहमी उद्धृत होते. ते मूळ जागी वेश्यागमनाविषयी आहे, पण त्यामागील तत्त्व, म्हणजे आपण स्वतःचे मालक नाही, येथेही तितकेच खरे आहे.

५. "फार्माकिया" या ग्रीक शब्दाचा अर्थ ड्रग्ज असाच आहे, असे एका प्रवचनात ऐकले. बरोबर का?

अर्धेच. गलती ५:२० मध्ये आलेल्या या शब्दासाठी मराठी बायबलमध्ये "चेटके" असे छापलेले आहे आणि तेच योग्य आहे. त्या काळच्या चेटकात मुळ्या, काढे व विषे वापरली जात, म्हणून औषधाशी त्या शब्दाचे नाते आहे. पण त्या यादीत तो मूर्तिपूजेच्या शेजारी आहे आणि मद्यधुंदीचा उल्लेख पुढच्या वचनात स्वतंत्रपणे येतो. अमली पदार्थांविरुद्धचा आधार प्रश्न ४ मध्ये दिला आहे आणि तो पुरेसा आहे. त्यासाठी शब्दाची ओढाताण करण्याची गरज नाही. ती ओढाताण काही जण इतकी लांबवतात की औषधाचे दुकान म्हणजेच चेटूक ठरते आणि मधुमेहाचा किंवा मनोविकाराचा रुग्ण गोळ्या टाकून देतो (प्रश्न ११ पाहावा).

६. नशा केल्याने माणसात सैतान किंवा अशुद्ध आत्मा शिरतो का?

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर देताना शास्त्राने जे म्हटले आहे व जे म्हटलेले नाही, दोन्हींची नोंद घेतली पाहिजे. शुभवर्तमानांत भूतग्रस्तांच्या अनेक हकिकती आहेत. गरसेकरांच्या प्रदेशातील थडग्यांत राहणारा माणूस, कफर्णहूमच्या सभास्थानातील माणूस, फेफऱ्याने पडणारा मुलगा. त्यांपैकी एकाच्याही बाबतीत मद्य हे कारण म्हणून सांगितलेले नाही. उलट नोहा, लोट, नाबाल, बाबेलचा राजा बेलशस्सर असे जे जे धुंद झालेले दाखवले आहेत, त्यांच्यात दुरात्मा शिरला असेही कोठे म्हटलेले नाही. करिंथच्या मंडळीत पूर्वी मद्यपी असलेले लोक होते. पौल त्यांच्यातून भुते काढत नाही, तर तुम्ही धुतलेले, पवित्र केलेले, नीतिमान ठरवलेले झाला आहात असे त्यांना सांगतो (१ करिंथ ६:११).

सैतानाने प्रवेश केल्याचे जे स्पष्ट उल्लेख आहेत ते तर शुद्धीवर असलेल्या माणसांचे आहेत. येशूला धरून देणाऱ्या यहूदात सैतान शिरला तेव्हा (लूक २२:३) आणि विकलेल्या जमिनीचे पैसे लपवणाऱ्या हनन्याचे मन सैतानाने भरवले तेव्हा (प्रे. कृत्ये ५:३) दोघेही पूर्ण भानावर होते, दोघांच्या गोष्टीत हिशेब पैशाचा होता. राग मनात ठेवून सूर्य मावळू देणे म्हणजे सैतानाला वाव देणे, असे इफिस ४:२६-२७ सांगते. म्हणून "आम्ही पीत नाही, आम्हांला धोका नाही" असे समजणारा मंडळीतील निर्व्यसनी वडील (पुढारी), ज्याने सख्ख्या भावाशी जमिनीवरून वर्षानुवर्षे अबोला धरला आहे, तो स्वतःच्या कल्पनेपेक्षा बराच अधिक उघड्यावर उभा असतो.

तरीही नशेचा आणि आत्मिक धोक्याचा संबंध खरा आहे. सावध असा, जागे राहा, कारण तुमचा शत्रू सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरत आहे, असे पेत्र लिहितो (१ पेत्र ५:८), आणि पौल थेस्सलनीकाकरांना धुंद होणाऱ्यांच्या उलट सावध राहायला सांगतो (१ थेस्स. ५:६-८). मोहाला "नाही" म्हणणारी शक्ती नशा मंद करते. लोट धुंद असताना त्याच्या मुली त्याच्यापाशी निजल्या हे त्याला कळलेदेखील नाही (उत्पत्ती १९:३३-३५). बेलशस्सराने यरुशलेमच्या मंदिरातून लुटून आणलेली पवित्र पात्रे मागवली ती द्राक्षारस पिता पिता (दानीएल ५:२). बाटलीत आत्मा दडलेला असतो म्हणून हा धोका नाही. ज्याने पहारा द्यायचा तोच झोपी गेलेला असतो म्हणून आहे.

७. दारू सोडल्यावर भाऊ दोन दिवसांनी विचित्र बोलू लागला, भिंतीवर किडे दिसतात म्हणाला, कोणीतरी बोलावते म्हणाला. ही भूतबाधा आहे का?

प्रथम रुग्णालयात न्यावे. प्रार्थना वाटेतही करता येते. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, भास, थरकाप, घाम, ताप व दिशाभूल असा गंभीर प्रकार काहींना होतो. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. दीर्घकाळ दारूने दाबून ठेवलेली मज्जासंस्था अचानक मोकळी सुटल्याने हे घडते आणि उपचार न झाल्यास माणूस दगावू शकतो. योग्य औषधे, शिरेतून द्रव आणि थायमिन हे जीवनसत्त्व वेळेवर मिळाले तर बहुतेक जण काही दिवसांत सावरतात.

अशा माणसाला खोलीत बांधून ठेवणे, उपासाच्या नावाखाली अन्नपाणी तोडणे, भोवती रात्रभर मोठ्याने प्रार्थना करत त्याला झोपू न देणे, हे सर्व प्रकार मंडळ्यांत घडतात आणि ते जीवघेणे आहेत. गांजाच्या, विशेषतः तीव्र गांजाच्या, सेवनाने तरुणांत संशय व आवाज ऐकू येणे असा मनोविकार उद्भवू शकतो. ज्यांच्या कुटुंबात असा आजार आहे त्यांना धोका अधिक असतो. त्याचीही जागा मानसोपचारतज्ज्ञाकडे आहे. लूक हा वैद्य होता आणि पौलाने त्याला "प्रिय वैद्य" म्हटले (कलस्सै ४:१४). डॉक्टरकडे नेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, हा समज शास्त्रातून आलेला नाही. केंद्र शासनाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ या क्रमांकांवर विनामूल्य बोलता येते.

८. व्यसन हे पाप आहे की आजार?

पहिला पेला बहुधा निवड असतो. शंभरावा तसा राहिलेला नसतो. नीतिसूत्रे २३:२९-३५ मध्ये मद्यप्याचे जे वर्णन आहे त्यात ही दोन्ही अंगे आहेत: डोळे लाल, कारणावाचून घाय, सर्पासारखा दंश, मार बसला तरी कळत नाही, आणि या सगळ्यानंतर शेवटचे वाक्य असे की जाग आली की मी पुन्हा तेच शोधीन. व्यसनाच्या पकडीचे इतके नेमके चित्र मला दुसरीकडे आढळलेले नाही. दोषी धरणारे शास्त्रच त्याला जखडलेलाही म्हणते, म्हणून पश्चात्ताप आणि उपचार यांतून एक निवडण्याचा प्रश्नच येत नाही.

पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करत आहे. ते ख्रिस्ती नाही, म्हणून तेथे जावे की नाही असे काही जण विचारतात. निःसंकोच जावे. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांविषयीही तेच. ती चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली ती ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळाच्या सहवासातून. कबुली, नुकसानभरपाई आणि एकमेकांचा आधार या तिच्या पायऱ्या याकोब ५:१६ वाचलेल्याला परक्या वाटणार नाहीत.

९. मशरूम किंवा तत्सम पदार्थ घेऊन देवाचा अनुभव येतो असे मित्र म्हणतात. त्यात वाईट काय?

अनुभव तीव्र असू शकतो, हे नाकारण्याचे कारण नाही. १९६२ च्या उत्तम शुक्रवारी बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपलमध्ये वॉल्टर पानके या संशोधकाने ईश्वरविद्येच्या वीस विद्यार्थ्यांवर प्रयोग केला; निम्म्यांना सायलोसिबिन, म्हणजे अशा मशरूममधील नशा आणणारा घटक, दिले होते आणि त्यांपैकी बहुतेकांनी गूढ धार्मिक अनुभव आल्याचे सांगितले. मात्र त्यांतला एक जण इतका बिथरला की त्याला शांत करण्यासाठी इंजेक्शन द्यावे लागले, ही गोष्ट बरीच वर्षे लोकांसमोर आली नव्हती.

शास्त्राचा आक्षेप अनुभवाच्या तीव्रतेला नाही. आत्म्यांची परीक्षा करा असे योहान सांगतो (१ योहान ४:१), आणि परीक्षा करणारे मनच ज्या अनुभवात बाजूला सारले जाते त्याची परीक्षा करायची कोणी? मोशे जळत्या झुडपापुढे प्रश्न विचारतो, मरीया देवदूताला "हे कसे होईल" म्हणून विचारते. देवाच्या भेटीत माणसाची विचारशक्ती जागी राहते. इच्छेप्रमाणे गोळी गिळून देवाला बोलावता येते ही कल्पना प्रार्थनेपेक्षा चेटकाच्या जवळची आहे, आणि प्रश्न ५ मधील शब्द खरा लागू पडतो तो येथे.

१०. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या दिवशी, शिष्य धुंद वाटले, म्हणजे पवित्र आत्म्याने भरणे ही एक प्रकारची नशाच ना?

धुंद असल्याचा आरोप थट्टेखोरांचा होता, लूकचा नव्हे. पेत्राने उभे राहून तो फेटाळला, सकाळचे नऊच वाजले आहेत असे सांगितले, आणि योएलापासून दावीदापर्यंत वचने उद्धृत करून एक सुसूत्र भाषण केले (प्रे. कृत्ये २:१३-३६). इफिस ५:१८ मध्ये पौल नशा आणि आत्म्याने भरणे यांची तुलना करत नाही. एकाच्या जागी दुसरे ठेवतो. आत्म्याच्या फळात इंद्रियदमन आहे (गलती ५:२३), आणि संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात (१ करिंथ १४:३२).

१९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनात जे संजीवन (आत्मिक जागृती) झाले त्यात मुली व स्त्रिया मोठ्याने रडत, तासन्‌तास प्रार्थना करत. पण त्यानंतर त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघाल्या. सभेत कोसळणे, हसू न आवरणे यांवरून आत्म्याचे काम ओळखू नये. सोमवारी सकाळी तो माणूस कसा वागतो यावरून ओळखावे.

११. शस्त्रक्रियेतील भूल, मॉर्फीन, झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या यांनीही मन बधिर होते. त्या घ्याव्यात का?

डॉक्टरांनी सांगितल्या तर अवश्य घ्याव्यात. चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला (लूक १०:३४), पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले (१ तीमथ्य ५:२३), आणि मरणोन्मुखाला मद्य द्या असे नीतिसूत्रे ३१:६ मध्ये आहे. वधस्तंभावर खिळण्याआधी दिलेला बोळ मिसळलेला द्राक्षारस येशूने नाकारला (मार्क १५:२३) म्हणून विश्वासणाऱ्याने वेदनाशामक घेऊ नये, असा अर्थ काही जण काढतात. येशूने तो प्याला आपल्या कार्यासाठी नाकारला; कर्करोगाच्या रुग्णाने त्याचे अनुकरण करावे असे त्याने कोठेही सांगितलेले नाही. नैराश्याच्या गोळ्या नशेच्या वर्गात मोडत नाहीत आणि डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. झोपेच्या व काही वेदनाशामक गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून मात्रा आपल्या मनाने वाढवू नये.

१२. तंबाखू, मिश्री, गुटखा? आणि चहा-कॉफी?

तंबाखू पोर्तुगीजांबरोबर भारतात आली, त्यामुळे शास्त्रात तिचा उल्लेख असणे शक्य नव्हते. ती विवेक हरपवत नाही, पण दास करते आणि शरीर पोखरते. "मी कोणत्याही गोष्टीच्या अधीन होणार नाही" हे १ करिंथ ६:१२ येथे थेट लागू होते. दारूवर तासभर प्रवचन देऊन वऱ्हांड्यात तंबाखू मळणाऱ्या मंडळीच्या वडिलांना हे वचन दाखवावे. चहा प्यावा.

१३. मी कॅनडात असतो. येथे गांजा कायदेशीर आहे, मग ख्रिस्ती माणसाने घेतला तर काय हरकत?

ऑक्टोबर २०१८ पासून तेथे प्रौढांना गांजा कायद्याने घेता येतो, त्यामुळे रोम १३ मधील अधिकाऱ्यांच्या आज्ञापालनाचा आक्षेप उरत नाही. बाकीचे आक्षेप, म्हणजे प्रश्न ३ व ४ मधील विवेकाचे आणि हेतूचे, जागच्या जागी राहतात. दारूही बहुतेक देशांत कायदेशीर असून पौल धुंदीला पापच म्हणतो. डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी त्यातील घटक औषध म्हणून लिहून दिला असेल तर तो प्रश्न ११ चा विषय होतो. सुटीला पुण्या-मुंबईकडे येताना मात्र गांजा घातलेल्या गोळ्या-चॉकलेटे सामानात विसरूनही ठेवू नयेत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे.

१४. नवरा रोज पितो, मारतो. मंडळीत सांगितले तर "अधीन राहा, सहन कर, प्रार्थना कर" म्हणतात. शास्त्र खरोखर एवढेच सांगते का?

नाही, आणि असे सांगणाऱ्यांनी १ शमुवेल २५ पुन्हा वाचावे. नाबाल उर्मट आणि मद्यपी होता. त्याच्या वागण्यामुळे घरावर तलवार येत आहे हे कळताच अबीगईलने त्याची परवानगी मागितली नाही, त्याला कळवलेही नाही. गाढवांवर सामान लादून ती निघाली, दावीदाला भेटली आणि माणसे वाचवली. परत आल्यावर नाबाल फार प्यालेला दिसला तेव्हा सकाळ होईपर्यंत ती चकार शब्द बोलली नाही. नशा उतरल्यावर तिने सगळे सांगितले. पवित्र शास्त्र तिला शहाणी म्हणते. पतीच्या अधीन राहण्याचे वचन ज्या अध्यायात आहे त्याच अध्यायात पतीने पत्नीवर स्वतःच्या शरीराप्रमाणे प्रीती करावी अशी आज्ञा आहे (इफिस ५:२८), आणि त्याच अध्यायात मद्याने मस्त न होण्याचीही.

व्यवहारात सांगायचे तर, तो प्यायलेला असताना वाद घालू नये, जाब सकाळी विचारावा. मार होत असेल तर मुलांसह माहेरी, विश्वासू नातेवाइकांकडे किंवा आश्रयगृहात जावे. हे लग्न मोडणे नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने राहत्या घराचा हक्क व संरक्षणाचा आदेश मिळू शकतो, आणि १८१ या महिला मदतवाहिनीवर मदत मागता येते. त्याची बाटली लपवणे, कामावर खोटी सबब कळवणे, उधारी फेडणे यांनी तो सुधारत नाही. परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचू द्यावेत. पाळकांनी मंडळीच्या दोन वडिलांसह त्याच्याकडे जावे (मत्तय १८:१६), पत्नीला पुन्हा त्याच खोलीत पाठवून "समेट" जाहीर करू नये.

१५. हॉटेलात, जहाजावर किंवा नाशिकच्या वायनरीत नोकरी आहे. सोडावी का?

नहेम्या राजाचा प्यालेबरदार होता (नहेम्या १:११) आणि त्या पदावरूनच देवाने त्याला यरुशलेमचा तट बांधायला नेले. तेव्हा पेला हातात धरणे हाच दोष ठरत नाही. हबक्कूक २:१५ चा धिक्कार शेजाऱ्याला पाजून धुंद करणाऱ्यावर आहे. द्राक्षबागेत काम करणारा, जेवणाबरोबर वाईन वाढणारा आणि पगाराच्या दिवशी उधारीवर देशी विकून कामगारांच्या घरचा किराणा गिळणारा गुत्तेवाला यांना एकाच मापाने मोजू नये. पहिल्या दोघांना मी नोकरी सोडा असे म्हणणार नाही, तिसऱ्याला म्हणेन. स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्याने मात्र बारमध्ये काम करू नये, मग पगार कितीही असो.

१६. गोव्यातले, वसईतले कॅथलिक बांधव लग्नात पितात. आमच्या मंडळीत थेंबही चालत नाही. आमंत्रणाला जावे का? आणि हिंदू नातेवाइकांकडे महाशिवरात्रीला भांग दिली तर?

लग्नाला आनंदाने जावे. रोम १४ प्रमाणे खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. यजमानाचा मान राखून सरबताचा पेला उचलता येतो. कॅथलिक शिकवणही अतिरेकाला पापच मानते. त्याच अध्यायातील २१ वे वचन पिणाऱ्यांसाठी आहे: ज्याने बंधू अडखळतो ते न करणे बरे. व्यसन सोडलेला पाहुणा असेल तर त्याच्या टेबलावर बाटली ठेवू नये, एवढे यजमानाने पाहावे.

भांगेच्या बाबतीत दोन कारणे आहेत: ती नशा आहे, आणि ती पूजेचा प्रसाद म्हणून दिली जाते (१ करिंथ १०:२७-२९). हात जोडून, कोणाच्या श्रद्धेची चेष्टा न करता, नको म्हणावे.

१७. वडील दारूनेच गेले. "मद्यपी देवाच्या राज्याचे वतन पावणार नाहीत" असे वचन आहे. मग त्यांचे काय?

१ करिंथ ६:१० चे हे वचन जिवंतांना इशारा म्हणून लिहिले आहे. मेलेल्या विशिष्ट माणसाचा निकाल वाचण्यासाठी नाही. त्या यादीत लोभी आणि निंदक हेही आहेत, आणि त्यांच्या अंत्यविधीला असा प्रश्न कोणी विचारत नाही. व्यसनाशी झगडत, पडत, पुन्हा उठत मेलेला विश्वासणारा आणि पापाला पापच न मानणारा मनुष्य हे एक नव्हेत. अंतःकरण देव जाणतो. अशा कुटुंबाला दफनभूमीत जागा नाकारणे किंवा संदेशात मृताचा दाखला देणे हे क्रौर्य आहे.

१८. मी दारू सोडली आहे. प्रभुभोजनातील द्राक्षारसाच्या घोटाने पुन्हा ओढ लागेल अशी भीती वाटते. घ्यावा का?

भीती रास्त आहे, घेऊ नये. बहुतेक मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत द्राक्षांचा किंवा मनुकांचा न आंबलेला रस वापरतात, तरीही आधी पाळकांना विचारून खात्री करावी. द्राक्षारस असेल तर फक्त भाकर घ्यावी. त्याने सहभागित्व अपुरे राहत नाही. कॅथलिक वाचकांना ही अडचण कमी येते, कारण कोणत्याही एका रूपात ख्रिस्त पूर्णपणे उपस्थित आहे अशी त्या मंडळीची शिकवण आहे आणि केवळ भाकर स्वीकारणे तेथे नेहमीचेच आहे. मद्याची बाधा असलेल्या कॅथलिक धर्मगुरूंना बिशपांच्या परवानगीने मुस्टम, म्हणजे आंबण्याची क्रिया जेमतेम सुरू होताच थांबवलेला द्राक्षरस, वापरता येतो.

पाळकांना एक सूचना: ज्या मंडळीत द्राक्षारस आणि रस दोन्ही ठेवतात, तेथे कोणत्या ताटातील पेल्यांत काय आहे हे उपासनेच्या सुरुवातीला सर्वांसाठी सांगावे, म्हणजे कोणालाही रांगेत उभे राहून सगळ्यांदेखत विचारावे लागणार नाही.